नाताळची सजावट उतरवताना : तिसरीच्या वर्गातला जानेवारीचा पाठ



नाताळच्या सजावटीवरचा लेख आणि तोही जानेवारीत? असं तुम्हाला वाटलं असेल. डिसेंबरात लिहिला असता तर जास्त वाचला गेला असता, हे मलाही कळतं. पण सजावट कशी करायची हे सांगणारे पुष्कळ आहेत. ती उतरवायची कशी, ठेवायची कुठे आणि पुढच्या वर्षी ती जशीच्या तशी हाताला कशी लागेल, हे कुणी शिकवत नाही. डी.एड.च्या दोन वर्षांत मी फलक लेखन शिकले, कागदाची फुलं शिकले, तक्ते करायला शिकले. ते तक्ते पावसाळ्यात कुठे ठेवायचे हे मात्र मला शाळेत लागल्यावर, ते खराब झाल्यावर समजलं.

मी मूळची माणदेशातली. आमच्याकडे माळ्यावर टाकलेला कागद दहा वर्षांनी काढला तरी झटकला की झालं. नोकरी लागली ती वसईच्या किनारपट्टीवर. इथे जून ते सप्टेंबर भिंतीलासुद्धा ओल येते, चपलांवर बुरशी चढते आणि मीठ बरणीत पाणी सोडतं. त्यात माझ्या वर्गात निम्मी मुलं ख्रिस्ती घरातली, बाकीची हिंदू, दोन-चार मुस्लिम. नाताळ मी पुस्तकात वाचलेला होता, पाहिला तो इथेच. गोठा, चांदणी, माळा सगळं मला मुलांनीच शिकवलं. त्यामुळे खाली जे लिहिते आहे त्यातलं बरंचसं त्यांचं आहे, आणि चूक मात्र माझी एकटीची आहे. आधी तीच सांगते.

माझं इथलं पहिलं वर्ष. डिसेंबरात मुलांनी वर्ग इतका सुंदर सजवला की मी फोटो काढून गावाकडे पाठवले. एका मुलाने घरून बांबूची चांदणी आणली होती, चांगली दोन हात रुंद. आत बल्ब सोडला की लाल-पिवळा उजेड भिंतीवर पडायचा. नाताळ झाला. जानेवारीत स्नेहसंमेलनाची गडबड सुरू झाली आणि वर्ग मोकळा हवा म्हणून मी एका दुपारी, मुलं खेळायला गेली असताना, सगळं ओढून काढलं आणि एका गोणीत कोंबलं. माळा, गोळे, मूर्ती, पेंढा, चांदणी, सगळं एकत्र. गोणी सामानाच्या खोलीतल्या माळ्यावर टाकली. पंधरा मिनिटांत काम झालं याचा मला आनंदच झाला होता.

पुढच्या डिसेंबरात गोणी खाली काढली तर तोंडाला रुमाल लावावा लागला. पेंढ्यात उंदराने घर केलेलं, कागदाचा लगदा झालेला, दिव्यांच्या माळेची अशी गाठ बसलेली की टोकच सापडेना. योसेफाचा हात मोडलेला. सेलवर चालणारी एक छोटी घंटा होती, तिच्यातले सेल गळून हिरवट-पांढरी भुकटी झालेली. मी दोन-तीन मूर्ती वेगळ्या काढल्या आणि बाकीची गोणी सकाळच्या कचरागाडीत दिली. मुख्याध्यापक म्हणाले, "जाऊ द्या हो बाई, नवीन आणू, शंभर-दोनशेचा तर प्रश्न."

दुसऱ्याच दिवशी तो मुलगा आला. आता तो चौथीत गेला होता. दारातूनच विचारलं, "बाई, माझी चांदणी कुठंय?"

खोटं बोलता आलं असतं. उंदरांनी खाल्ली म्हटलं असतं तर कुणाला कळणार होतं? पण मी खरं सांगितलं, की भिजून खराब झाली होती म्हणून काल टाकून दिली. तो म्हणाला, "कागद गेला असेल बाई. सांगाडा पण टाकला?"

मग मला कळलं की चांदणीत जपायची वस्तू सांगाडा असते. कागद दरवर्षी फाटतोच, तो फाडून नवा लावायचा असतो. बांबूच्या काड्या कशा होत्या हे मी पाहिलंसुद्धा नव्हतं. बहुतेक धड असणार. त्या काड्या त्याच्या आजोबांनी तासल्या होत्या, आणि आजोबा त्याच वर्षी जुलैत गेले होते. हे त्याने मला सांगितलं नाही. पालकसभेत त्याच्या आईने सांगितलं, तेही तक्रार म्हणून नाही. तो फक्त "बरं" म्हणाला आणि त्याच्या वर्गात निघून गेला.

तेव्हापासून सजावट उतरवणं हे माझ्याकडे शिपायाचं किंवा बाईंचं काम राहिलेलं नाही. तो तीन तासिकांचा पाठ आहे आणि टाचण वहीत तसा लिहिलेला असतो. मराठी, गणित, परिसर अभ्यास आणि कार्यानुभव, चारही विषय त्यात येतात. आता हा पाठ कसा चालतो ते सविस्तर सांगते, म्हणजे कुणाला घ्यायचा असेल तर घेता येईल.

कधी उतरवायची?

मुलांना आधी हाच प्रश्न विचारा. उत्तरं भारी येतात. एक म्हणतो, नाताळ २५ तारखेला संपला, २६ ला काढायची. ख्रिस्ती घरातली मुलं लगेच भांडायला उठतात, की तीन राजे यायचे असतात अजून! आणि त्यांचं बरोबर आहे. नाताळचा काळ २५ डिसेंबरला सुरू होतो. पूर्वेकडचे ज्ञानी लोक, ज्यांना आपण तीन राजे म्हणतो, ते बाळ येशूला भेटले त्याचा सण ६ जानेवारीचा, किंवा त्याच्या आसपासच्या रविवारी करतात. त्यानंतर प्रभूच्या बाप्तिस्म्याचा सण येतो आणि चर्चच्या पंचांगातला नाताळचा काळ तिथे पुरा होतो. त्यामुळे इथली बरीच घरं राजांचा सण झाल्यावरच गोठा हलवतात. मीही आता त्यानंतरचाच दिवस धरते. पहिल्या वर्षी मी कधी काढली होती हे आठवत नाही, पण मुलांनी तेव्हा "राजे?" असं काहीतरी विचारलेलं आठवतं आणि मी "पुरे आता" म्हटलेलं आठवतं.

सुरुवातही २५ ला होत नाही. त्याच्या आधीचे चार रविवार आगमनकाळाचे. पहिला रविवार २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर यांच्या मधे कधीतरी येतो. हिरव्या डहाळ्यांचं एक कडं असतं, त्यावर चार मेणबत्त्या. तीन जांभळ्या आणि तिसऱ्या रविवारची गुलाबी. दर रविवारी एक जास्त पेटवायची. मग गोठा मांडतात, पण बाळाची गव्हाण रिकामी. बाळ २४ च्या मध्यरात्री. राजे त्याच्याही नंतर, काही घरांत तर राजांच्या मूर्ती लांब खिडकीत ठेवतात आणि रोज थोड्या पुढे सरकवतात. मुलांना हे सरकवणं फार आवडतं.

हा क्रम फळ्यावर लिहून घ्या, कारण पेटी भरताना तो उलटा लागणार आहे. पुढच्या वर्षी आधी काय लागेल? कडं आणि मेणबत्त्या. म्हणजे ते पेटीत सगळ्यात वर. शेवटी काय लागेल? राजे. म्हणजे ते तळाशी. "जे शेवटी लागतं ते आधी ठेवायचं" हे वाक्य तिसरीतल्या मुलाला नुसतं सांगून समजत नाही. मी एकदा दप्तराचं उदाहरण दिलं, तरी नाही. मग एक खोका घेतला, तीन वस्तू त्यात एकावर एक ठेवल्या आणि तळातली मागितली. सगळं उपसावं लागलं तेव्हा पोरं हसली आणि समजलं. पहिली-दुसरीला क्रम लावण्याच्या कृती आपण चित्रकार्डांवर घेतोच, पण खऱ्या पेटीची सर त्यांना येत नाही.

पहिली तासिका : चार ढीग

खाली सतरंजी अंथरायची आणि सगळी सजावट त्यावर मांडायची. मी मुलांना चार ढीग करायला सांगते. जसंच्या तसं ठेवायचं. दुरुस्त करून ठेवायचं. सांगाडा ठेवून वरचं टाकायचं. आणि निरोप द्यायचा.

"टाकून द्यायचं" असं मी म्हणत नाही, कारण बरंचसं टाकावं लागतच नाही. गोठ्यात हिरवळ म्हणून नाचणी पेरलेली असते. पसरट ताटात माती घालून नाताळच्या आठ-दहा दिवस आधी दाणे विखुरले की २५ पर्यंत बोटभर हिरवा गालिचा होतो. हिंदू घरातली मुलं लगेच म्हणतात, "बाई, आमच्या नवरात्रातल्या घटासारखं!" अगदी तसंच. तिथे माझा बियाण्याच्या उगवणीचा पाठही उरकतो. जानेवारीत ती रोपं पिवळी पडायला लागतात. ती शेजारच्या शेळ्यांना जातात. भाताचा पेंढा खताच्या खड्ड्यात. फाटलेला रंगीत कागद चिकटकामासाठी तुकड्यांच्या डब्यात. एक गोष्ट मात्र कायमची गेली ती म्हणजे थर्माकोल. २०१८ साली राज्यात त्याच्या सजावटीवर बंदी आली आणि मला तरी ते बरंच झालं असं वाटतं. आमचा जुना थर्माकोलचा गोठा दरवर्षी कोपऱ्यातून झडायचा आणि त्याचे दाणे मार्चपर्यंत वर्गात सापडायचे. आता गोठा पुठ्ठ्याचा आणि काड्यांचा असतो, घड्या पडतो आणि पेटीच्या कडेला उभा राहतो.

ढीग लावताना भांडणं होतात, ती होऊ द्या. मागच्या वर्षी एक पाय मोडलेली मेंढी होती. दोन मुलींचं म्हणणं दुरुस्त करायची, एका मुलाचं म्हणणं निरोप द्यायचा, ती पांगळी दिसते. शेवटी ठरलं की मेंढी गवतात बसवायची, म्हणजे पाय दिसणारच नाही. तिच्यावर चिठ्ठी लागली, "ही मेंढी बसलेली आहे. उभी करू नये." असा निर्णय मला सुचला नसता.

याच वेळी थोडी गोष्टही सांगते. गोठ्याचा देखावा उभा करण्याची प्रथा असिसीच्या संत फ्रान्सिसने १२२३ साली इटलीतल्या ग्रेच्चो गावात लोकप्रिय केली असं मानतात. तिथे त्याने खरा बैल आणि खरं गाढव उभं केलं होतं. मुलं विचारतात, "मग ते जानेवारीत कुठे ठेवलं?" या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नाही, पण प्रश्न मला फार आवडतो.

दुसरी तासिका : अंड्यांचा ट्रे

झाडावर लावायचे छोटे चमकते गोळे आम्ही आधी पिशवीत ठेवायचो. एकमेकांवर घासून त्यांचा रंग जातो, आणि काचेचे असले तर संपलंच. असे फुंकून केलेले काचेचे गोळे मूळचे जर्मनीतल्या लाउशा गावच्या कारागिरांचे. काच कागदासारखी पातळ आणि चकाकी आतून दिलेली, त्यामुळे ते हाताळावे लागतात अंड्यासारखेच. मग ठेवायचेही अंड्यासारखे! दुकानातून अंड्यांचा ट्रे आणायचा. तीस खड्ड्यांचा, पाचाच्या सहा ओळी.

इथे गणित आपोआप सुरू होतं. आमच्याकडे या वर्षी ४७ गोळे भरले. एक ट्रे पूर्ण भरला, किती? पाच गुणिले सहा. उरले किती? सतरा. दुसऱ्या ट्रेत किती ओळी पूर्ण होतील? तीन, आणि वर दोन गोळे. रिकामे खड्डे किती? तेरा. एरवी फळ्यावर "४७ भागिले ५" लिहिलं की ज्या मुलाचा चेहरा पडतो, तोच मुलगा इथे बाकी हातात धरून उभा असतो. बाकी म्हणजे काय ते त्याला दिसतं, कारण ती त्याच्या हातात चमकत असते.

दोन सूचना. पुठ्ठ्याचा ट्रे ओल शोषतो, म्हणून वापरण्याआधी कडक उन्हात दोन दिवस ठेवा. फुटलेल्या अंड्याचा डाग असलेला घेऊ नका, मुंग्या येतात. प्लास्टिकचा ट्रे मिळाला तर उत्तम, तो धुता येतो. भरलेल्या ट्रेवर रिकामा ट्रे उपडा घालून सुतळीने बांधायचा. मोठे गोळे यात मावत नाहीत, त्यांना जुने मोजे चालतात. एका मोज्यात एकच.

मूर्ती वर्तमानपत्रात गुंडाळू नका. हे मी करून बसले आहे. शाई उतरते आणि देवदूताचा गाल काळा होतो. जुन्या सुती साडीचे किंवा धोतराचे तुकडे घ्या. प्रत्येक मूर्ती वेगळी, आणि वर नाव. बाळाची मूर्ती सगळ्यात छोटी असते आणि तीच हरवते. आमचं बाळ एका झाकणाच्या डबीत असतं आणि डबीवर मोठ्या अक्षरांत "बाळ आत आहे" असं लिहिलेलं आहे. केंद्रप्रमुख एकदा शाळेला भेट द्यायला आले होते, त्यांनी कपाटात ती डबी पाहिली आणि माझ्याकडे जरा विचित्र नजरेने पाहिलं.

दिव्यांच्या माळेचं काम मी स्वतः करते. मुलं फक्त बघतात, कारण वीज आहे. पण घरी पालकांनी हे लक्षात ठेवावं. माळ गुंडाळण्याआधी एकदा लावून बघायची. बंद पडलेली माळ वर्षभर जपण्यात काय अर्थ? वायर कुठे सोललेली दिसली तर ती माळ मुलांच्या शाळेत नकोच. मग वहीएवढा जाड पुठ्ठा घ्यायचा, दोन्ही कडांना खाचा पाडायच्या आणि माळेचं मागचं टोक आधी खाचेत अडकवून गुंडाळत यायचं. पिन सगळ्यात शेवटी, बाहेरच्या बाजूला राहिली पाहिजे. याचा फायदा असा, की पुढच्या वर्षी माळ न सोडवता पिन लावून बघता येते. कोपरावर वेटोळी घालून ठेवलेल्या माळेची डिसेंबरात काय गाठ होते ते ज्याने सोडवली आहे त्यालाच माहीत. झाडावर विजेचे दिवे लावण्याची सुरुवात १८८२ साली न्यूयॉर्कमध्ये झाली. एडिसनचे सहकारी एडवर्ड जॉन्सन यांनी आपल्या घरच्या झाडावर ऐंशी छोटे दिवे लावले होते. त्यांनी ते जानेवारीत कसे गुंडाळले असतील असा विचार मी माळ हातात घेतली की दरवेळी करते.

सेलवर चालणाऱ्या प्रत्येक वस्तूतून सेल काढायचे. अपवाद नाही. मेणबत्त्या आडव्या, कागदात, आणि पत्र्याखालच्या माळ्यावर अजिबात नाही. मे महिन्यात त्या वाकून केळ्यासारख्या होतात.

तिसरी तासिका : चिठ्ठ्या आणि यादी

ही तासिका मराठीची. प्रत्येक पुडक्यावर एक चिठ्ठी लागते आणि ती मुलं लिहितात. वस्तूचं नाव, संख्या आणि पुढच्या वर्गाला एक सूचना. पहिल्यांदा घेतला तेव्हा मी सूचना लिहायला सांगायला विसरले. चिठ्ठ्या अशा आल्या : "गोळे", "तारे", "सामान". पुढच्या वर्षी "सामान" उघडल्यावर त्यात काय होतं हे बघायला सगळ्यांचीच गर्दी. त्यानंतरच्या वर्षी उलटी तऱ्हा. मुलं इतकी लिहीत सुटली की कागदाच्या एका फुलावर अर्धं पान निबंध. आता नियम आहे, एक चिठ्ठी तीन ओळींची. कमी शब्दांत नेमकं लिहिणं मोठ्यांनाही जमत नाही, ते त्यांना इथे जमतं, कारण वाचणारं कुणीतरी खरोखर असणार आहे हे त्यांना माहीत असतं. वहीतला निबंध फक्त बाई वाचतात. ही चिठ्ठी पुढची तिसरी वाचणार असते.

आणि ज्याने वस्तू बनवली किंवा आणली त्याचं नाव चिठ्ठीवर लागतंच. ती परत घरी न्यायची आहे की शाळेला दिली आहे, तेही. त्या गोणीत नेमकं हेच नव्हतं. चांदणीवर नाव असतं आणि "परत द्यायची आहे" असं लिहिलेलं असतं, तर मी कितीही घाईत असले तरी ती वेगळी काढली असती. निदान तसं मला वाटतं.

सगळ्या चिठ्ठ्यांवरून एक यादी. यादीच्या तीन प्रती करायच्या. एक पेटीच्या झाकणाला आतून चिकटवायची, एक वर्गाच्या रजिस्टरमध्ये आणि एकीचा फोटो मोबाईलमध्ये. एका वर्षी आम्ही यादी फक्त पेटीत तळाशी ठेवली होती. यादी बघायला पेटी उपसावी लागली. हसू नका, तुमच्याही घरी असंच असेल.

यादीत एक रकाना "नवीन काय आणायचं" असाही असतो. तो जानेवारीतच भरायचा, कारण काय कमी पडलं होतं ते तेव्हाच आठवतं. डिसेंबरात आपण दुकानात जाऊन जे घरी आहे तेच परत आणतो. आमच्याकडे एकदा गोंदाच्या सात बाटल्या निघाल्या.

पेटी आणि पावसाळा

गोणी नको, कार्डबोर्डचा खोका नको. घट्ट झाकणाची प्लास्टिकची पेटी किंवा जुनी पत्र्याची पेटी. पत्र्याची असेल तर आतून गंज बघा आणि तळाला जुनी चादर घाला. जमिनीवर ठेवायची नाही, बाहेरच्या भिंतीला टेकवायची नाही. खाली दोन विटा किंवा फळी, आणि भिंतीपासून हातभर लांब. नव्या बुटांच्या खोक्यात ओल शोषणाऱ्या दाण्यांच्या छोट्या पुड्या येतात, त्या फेकू नका, पेटीत टाका. मात्र त्या लहान मुलांच्या तोंडात जाणार नाहीत एवढं बघा. कडुनिंबाचा वाळलेला पाला कपड्याच्या पुरचुंडीत बांधून ठेवला की कसर कमी लागते. ओला पाला घातलात तर तुम्हीच ओल आत ठेवलीत. डांबराच्या गोळ्या मी शाळेच्या पेटीत घालत नाही. छोट्या मुलांना त्या खाऊच्या गोळ्यांसारख्या दिसतात, आणि त्या विषारी असतात.

पाऊस गेल्यावर, ऑक्टोबरच्या उन्हात, एक दिवस पेटी उघडून सगळं वाऱ्यावर मांडायचं. आम्ही हे दसऱ्याच्या सुमारास करतो, त्याच दिवशी दिवाळीचे कंदीलही बाहेर निघतात. हो, दिवाळीची पेटीही अशीच आहे आणि गणपतीचीही. एका पालकांनी मला विचारलं होतं, की नाताळचं एवढं कशासाठी? मी त्यांना तिन्ही पेट्या दाखवल्या. ते दिवाळीच्या पेटीतली यादी वाचत बसले, कारण तिच्यात त्यांच्या मुलीचं नाव होतं.

पालकांसाठी एकच सांगते. घरी सगळं आवरायला मुलांना लावू नका, ते कंटाळतात आणि मग तुम्ही ओरडता. एक छोटा डबा त्यांचा एकट्याचा असू द्या. त्यात काय ठेवायचं, कसं गुंडाळायचं, वर काय लिहायचं ते त्यांचं ते ठरवतील. चुकीचं बांधलं तरी सोडून परत बांधू नका. डिसेंबरात डबा उघडल्यावर एखादी वस्तू मोडलेली निघेल. निघू द्या, पुढच्या वर्षी तेच मूल तिला दोन कापडांत गुंडाळेल.

चांदणीचं पुढे काय झालं ते राहिलं. त्या मुलाच्या आईशी बोलल्यानंतरच्या एका शनिवारी त्याचे वडील शाळेत आले, बांबू आणि कोयता घेऊन. मी बोलावलं होतं, पण ते येतील असं वाटलं नव्हतं. त्यांनी मुलांसमोर काड्या काढल्या. एका चांदणीला लांब काड्या दहा लागतात. पाच काड्यांचा एक तारा, तसे दोन तारे. काड्या एकमेकींच्या वरून-खालून घालायच्या म्हणजे तारा घट्ट बसतो. मग दोन्ही तारे एकावर एक ठेवून पाचही टोकं दोऱ्याने बांधायची. आणि आत जिथे काड्या एकमेकींना छेदतात त्या पाच जागी, दोन ताऱ्यांच्या मधे, पाच बुटक्या काड्या उभ्या अडकवायच्या. लगेच चपटा तारा पोटातून फुगतो आणि चांदणी होते. वरून पतंगाचा कागद, खळीने चिकटवलेला. खळ गव्हाच्या पिठाची, त्यात चिमूटभर मोरचूद घातलं तर किडे लागत नाहीत असं ते म्हणाले, पण ते विषारी असतं म्हणून वर्गात घालू नका असंही तेच म्हणाले.

मी विचारलं, ही एवढी मोठी चांदणी वर्षभर ठेवायची कुठे? ते हसले. जानेवारीत कागद फाडायचा, त्या पाच बुटक्या काड्या काढायच्या. चांदणी पुन्हा चपटी होते आणि भिंतीवर एका खिळ्याला टांगता येते. त्यांच्या घरी पडवीत अशा चार टांगलेल्या आहेत, त्यातल्या दोन त्यांच्या वडिलांच्या. तो मुलगा शेजारी उभा राहून काड्या देत होता. काही बोलला नाही. शेवटची गाठ मात्र त्याने मला मारू दिली नाही, स्वतः मारली.

ती चांदणी आता शाळेच्या सामानाच्या खोलीत खिळ्यावर असते. तो मुलगा पुढे दुसऱ्या शाळेत गेला. या वर्षी तिच्यावरची चिठ्ठी माझ्या वर्गातल्या एका मुलीने लिहिली आहे. तीन ओळींत बसवायला तिला चार कागद लागले :

"बांबूची चांदणी, १. शाळेची आहे, तरी टाकू नये.
कागद लाल होता, पुढच्या वर्षी तुम्हाला हवा तो लावा.
पाच छोट्या काड्या पेटीत बाळाच्या डबीशेजारी आहेत."